एका एकरावर सभासदांसाठी भाजीपाला

हंगामाआधी ठरावीक रक्कम भरून शेतातील उत्पन्नाचा वाटा घेणारी कुटुंबे शेतकऱ्याच्या जोखमीतही वाटेकरी होतात, आणि याच कारणाने ‘समुदाय-समर्थित शेती’ची ही पद्धत साध्या घरपोच भाजीविक्रीपेक्षा वेगळी ठरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्मवर 1986 मध्ये ती सुरू झाली. जपानमध्ये तिचे रूप त्याआधीच रुजले होते. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्याने थेट विक्रीचा मार्ग मोकळा आहे.

पुण्या-नाशिकजवळ पाण्याची खात्री असलेले एक एकर असेल, तर पहिल्या हंगामात वीसपेक्षा जास्त कुटुंबे घेऊ नयेत. प्रत्येकी पाच किलोप्रमाणे आठवड्याला शंभर किलो माल लागतो, आणि तो सलग पुरवणे हेच खरे कठीण काम आहे. म्हणून मेथी, पालक, कोथिंबीर एकदम न पेरता दर आठवड्याला दोन-तीन वाफे पेरावेत. भेंडी, गवार, वांगी यांचे तोडे अनेक आठवडे चालत असल्याने त्यांच्या आधारावर टोपली भरते.

वाट्याची किंमत बाजारभावावरून नव्हे, तर बियाणे, शेणखत, मजुरी, वाहतूक आणि स्वतःच्या श्रमाचा मोबदला यांची बेरीज करून काढावी. गारपिटीने पीक गेल्यास पैसे परत मिळणार नाहीत, हे लेखी करारात स्पष्ट लिहावे आणि सभासदांना पेरणीपूर्वीच शेतावर बोलावून समजावून सांगावे.