दुर्मिळ रेकॉर्डिंगसकट स्वतःचं अंडरग्राउंड मासिक कसं काढायचं

मुख्य प्रवाहाबाहेरच्या संगीताचं, सोबत दुर्मिळ रेकॉर्डिंग देणारं असं मासिक काढायची इच्छा खूप जणांना असते आणि बहुतेक जण सुरुवात कव्हरपासून करतात, नाव ठरतं, लोगो होतो, मुलाखती कोणाच्या घ्यायच्या तेही ठरतं, आणि रेकॉर्डिंगचं काय असं विचारलं की उत्तर येतं, बघू, कोणाकडून तरी चार ट्रॅक घेऊ. चार अंक काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की हे बरोब्बर उलटं करायला हवं. आधी आवाज हातात आला पाहिजे, मग त्याच्याभोवती अंक बांधायचा. कॅसेट काढून घेतली तर मासिक अर्धं वाटायला हवं आणि मासिक बाजूला ठेवलं तर कॅसेट अर्धी वाटायला हवी. फुकट गिफ्ट म्हणून चिकटवलेली सीडी लोक एकदा ऐकतात, ऐकलीच तर, आणि मग ती ड्रॉवरमध्ये पडून राहते.

ज्यांनी हे आधी केलंय त्यांच्याकडे जरूर बघा. अमेरिकेत १९६५ ते १९७१ ‘अ‍ॅस्पेन’ निघायचं, त्याचा अंक म्हणजे डब्यात किंवा फोल्डरमध्ये ठेवलेले सुटे कागद, पुस्तिका आणि पातळ, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या फ्लेक्सी रेकॉर्ड्स. सोव्हिएत रशियात १९६४ पासून निघणाऱ्या ‘क्रुगोझोर’मध्ये फ्लेक्सी पानांसारख्या अंकातच बांधलेल्या असायच्या आणि टर्नटेबलवर ठेवता यावा म्हणून अंकाला मधोमध भोक असायचं. न्यूयॉर्कचं ‘टेलस’ (१९८३ ते १९९३) तर कॅसेटवरचंच मासिक होतं. आणि सब पॉप, जे नंतर एवढं मोठं रेकॉर्ड लेबल झालं, ते १९८० मध्ये ब्रूस पॅव्हिटने काढलेलं फॅनझीन, म्हणजे चाहत्याने स्वतः काढलेलं छोटं मासिक, होतं, त्याचे पाचवा, सातवा आणि नववा अंक कॅसेटवर निघाले. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की प्रत्येकाने आपल्या खिशाला आणि आपल्या संगीताला झेपेल तो आकार शोधलाय, कोणा मोठ्या मासिकाची छोटी कॉपी केलेली नाही.

आधी टेप शोधा

दुर्मिळ म्हणजे काय ते स्वतःशी स्पष्ट करून घ्या. माझ्या हिशोबाने तीनच प्रकार आहेत: कधीच बाहेर न आलेलं, एकदा थोड्या प्रतींत निघून संपलेलं, आणि खास तुमच्या अंकासाठी केलेलं. नेटवर सहज सापडतंय ते दुर्मिळ नाही, मग ते कितीही जुनं असो. कुठे शोधायचं? बँडच्या गायकाकडे सगळेच जातात, तिथे बहुतेक वेळा काही नसतं. साउंड करणाऱ्या माणसाला विचारा, कारण मिक्सरवरून थेट टेप करून ठेवायची सवय त्याला असते. ड्रमरला विचारा, रिहर्सल बऱ्याचदा त्याच्या घरी व्हायची. पोस्टर करणाऱ्या चित्रकाराला विचारा. आणि मिळालेलं तीन वेगवेगळ्या दिवशी ऐका, पहिल्या दिवशी सापडल्याचा आनंदच एवढा असतो की काहीही भारी वाटतं. तिसऱ्या दिवशीही शेवटपर्यंत ऐकावंसं वाटलं तर घ्या, नाहीतर दुर्मिळ असूनही सोडून द्या. दुर्मिळ आणि चांगलं हे दोन वेगळे शब्द आहेत.

परवानगी, आणि ती लेखीच

इथे घाई केली तर मैत्री तुटते. एका ट्रॅकमध्ये हक्क दोन असतात, चाल आणि शब्द हा एक, आणि ते ज्यात बंद झालंय ते रेकॉर्डिंग हा दुसरा. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. रेडिओसाठी केलेलं सेशन असेल तर रेकॉर्डिंग कदाचित स्टेशनचं असतं, दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर मूळ रचनाकाराचा हक्क मध्ये येतो. एक पानाचं साधं पत्र पुरतं, पण त्यात हे सगळं हवं: कोणता ट्रॅक, किती प्रती, कोणत्या माध्यमावर, डाउनलोड द्यायचं की नाही, किती काळासाठी, बदल्यात काय मिळणार, नाव कसं छापायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हक्क कलाकाराकडेच राहणार, उद्या त्यांना हेच रेकॉर्डिंग दुसरीकडे काढायचं असेल तर ते मोकळे आहेत. पुन्हा प्रती काढायच्या झाल्या तर पुन्हा विचारायचं. बँड फुटलेला असला तरी प्रत्येक मेंबरची सही घ्या, एकजण सापडत नसेल किंवा नको म्हणत असेल तर तो ट्रॅक सोडा. माझ्या पहिल्या अंकात बास वाजवणाऱ्या बाईंचं नाव श्रेयनामावलीत सुटलं, मी छापून झालेल्या प्रत्येक प्रतीत वेगळी चिठ्ठी घातली, पण चिठ्ठी ती चिठ्ठीच आणि छापलेलं नाव ते छापलेलं नाव. तेव्हापासून नावांचं पान मी प्रत्येकाला पाठवतो आणि सगळ्यांचं ‘बरोबर आहे’ आल्याशिवाय अंक छापायला देत नाही.

जुन्या टेपवरून आवाज काढताना

माझ्या तिसऱ्या अंकातली टेप एका निवृत्त साउंडवाल्या काकांकडून आली, शर्टाच्या रिकाम्या खोक्यात, आत वर्तमानपत्राचा कागद. कॅसेट प्लेअरमध्ये टाकली तर आवाज घशात अडकल्यासारखा, कधी येतोय कधी जातोय. बाहेर काढून बघितली, तर टेपच्या मागे जी छोटी तांब्याच्या रंगाची पट्टी आणि तिच्यावर फेल्टचा तुकडा असतो तो फेल्टच गळून पडलेला, आणि तोच तर टेपला प्लेअरच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा वाजवून बघायचं नाही. पाच स्क्रू असलेली चांगली रिकामी कॅसेट घ्यायची, दोन्ही उघडायच्या, टेपची दोन्ही चाकं जशीच्या तशी उचलून नव्या खोक्यात ठेवायची, टेप रोलरवरून नीट गेलीय ना बघायची, स्क्रू बंद करायचे. दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर सराव करा आणि हात स्वच्छ कोरडे ठेवा. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण आवाज आला तेव्हा काका डोळे मिटून बसले होते आणि ड्रम सुरू व्हायच्या आधीच टेबलावर बोटांनी ताल धरत होते.

वाजवायच्या आधी डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या-भरायच्या मशीनचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग अ‍ॅझिमथ बघा, म्हणजे हेडचा कोन. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचा कोन आणि तुमच्या मशीनचा कोन जुळला नाही की झांजा आणि ‘स’ चे उच्चार दबलेले येतात. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत ऐका, आवाज मोनो करून, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, ऐकलं तर लगेच कळतं, जिथे सगळ्यात स्वच्छ तिथे थांबा. कॉम्प्युटरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल करा, एमपी३ वर थेट कधीच नको. सगळ्यात जोरात भाग येईल तिथेही लेव्हलला वर थोडी जागा राहू द्या.

स्पूलची जुनी टेप असेल आणि वाजताना चिरकायला लागली किंवा हेडवर चिकट तपकिरी थर बसायला लागला तर ताबडतोब बंद करा. टेपवरचा गोंद हवेतली ओल शोषून सुटलेला असतो. अशी टेप मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवून तात्पुरती वाजण्याजोगी करतात, पण ते ज्यांना येतं त्यांच्याकडेच द्या, घरच्या ओव्हनचा प्रयोग करू नका, दुसरी प्रत नसते हो.

आणि आवाज स्वच्छ करायच्या नादात तो मारू नका. घरघर पूर्ण काढायला गेलात की त्या जागेचा, खोलीचा आवाजही निघून जातो, मागे प्लास्टिकसारखं काहीतरी उरतं. काकांच्या त्या टेपच्या शेवटी गाणं संपल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतं आणि एक बाई हळूच म्हणतात, ‘झालं का?’ मी ते तसंच ठेवलं.

माध्यम कोणतं

कॅसेट हे माझं आवडतं कारण घरी करता येतं. पण वेळ मोजा: सी-३० म्हणजे एका बाजूला १५ मिनिटं, एक प्रत अर्धा तास, १०० प्रती म्हणजे एका डेकवर ५० तास. दोन-तीन डेक एकाच सोर्सला जोडले तर जमतं. भरून झाल्यावर वरच्या कडेचे दोन्ही छोटे टॅब तोडा नाहीतर कोणीतरी चुकून वर रेकॉर्ड करेल.

फ्लेक्सी मासिकासाठी सगळ्यात सुंदर, कागदासारखी हलकी. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जानेवारी १९७९ च्या अंकासोबत व्हेलच्या आवाजाची फ्लेक्सी दिली होती, तब्बल १ कोटी ५ लाख प्रती! पण फ्लेक्सी बहुधा एकाच बाजूने वाजते, सात इंचीवर पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त भरू नका, आणि दर वेळी वाजवल्यावर थोडी झिजते. टर्नटेबलवर घसरते म्हणून वर एक नाणं ठेवायचं असतं, हे अंकात छापा, नव्या लोकांना माहीत नसतं. सात इंची विनाइलला आवाज जास्त चांगला, ४५ च्या स्पीडला एका बाजूला चारेक मिनिटं धरा, पण कारखाने कमीत कमी १००-३०० प्रती मागतात आणि वाट बघायला लावतात. सीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून लांब इम्प्रोव्हायझेशन, ड्रोन (एकच सूर लांबवत नेणारं संगीत) वगैरे असेल तर सीडीच. घरी भरलेल्या सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका, वाकते आणि फिरताना डगमगते.

डाउनलोड कोड सोबत जरूर द्या, सगळ्यांकडे प्लेअर नसतो, पण नुसता कोड देऊन सुटू नका.

कारखान्यातून टेस्ट प्रेसिंग किंवा नमुना प्रत आली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, दुसऱ्या कोणाच्या तरी प्लेअरवर. आणि माल आल्यावर खोक्याच्या मधली प्रत काढून ऐका, वरची नाही. एकदा मला नमुना अगदी बरोबर आला आणि पूर्ण लॉटमध्ये ए आणि बी बाजू उलट्या आल्या.

आता मजकूर

टेप तयार झाली की ती घेऊन लोकांकडे जा. मुलाखतीत प्रश्न विचारायच्या आधी त्यांनाच त्यांचं जुनं रेकॉर्डिंग ऐकवा आणि ऐकताना ते जे बोलतात ते टिपा, ‘हा आवाज पंख्याचा आहे’, ‘इथे माझी तार तुटली’, असलं सोनं कोणत्याही प्रश्नावलीतून निघत नाही. प्रत्येक ट्रॅकला तारीख, जागा, कोण काय वाजवतंय, कशावर टेप केलं, एवढं तरी असावं. कलेची पानं भरायची म्हणून भरू नका, चित्रकारांना टेप पाठवा आणि ऐकून काम करायला सांगा, म्हणजे चित्र आणि आवाज यांचं काहीतरी बोलणं होतं. परीक्षणं थोडी आणि मनापासून लिहिलेली असावीत.

छपाई आणि जोडणी

मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत, ३२ किंवा ४० पुरे. आधी कोऱ्या कागदाची डमी घडी घालून हाताने पान नंबर लिहा. फोटो ३०० डीपीआय, कडेला ३ मिमी जास्तीची जागा. रिसोवर, म्हणजे स्टेन्सिलने छापणाऱ्या मशीनवर, छापलं तर रंग एकेक करून पडतात, शाई बोटाला लागते, म्हणून गडद पान कव्हरच्या आत नको. झेरॉक्सही उत्तम, मार्क पेरीचं लंडनचं पंक फॅनझीन ‘स्निफिन ग्लू’ १९७६ मध्ये टाइपरायटर आणि स्केचपेनवरच सुरू झालं.

रेकॉर्डिंग अंकाला कसं धरून राहणार हे डमीच्या वेळीच ठरवा. कॅसेटचा डबा जवळजवळ १७ मिमी जाड असतो, तो अंकात घातला की पानं कायमची वाकतात आणि पोस्टात पार्सलचा दर लागू शकतो. मी अंक आणि कॅसेट एका जाड कागदाच्या पाकिटात शेजारी शेजारी ठेवतो, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी. फ्लेक्सी किंवा सीडीला सहज निघणारे गोंदाचे ठिपके लावा, रबर बँड नको, तो वाळून कव्हरला चिकटतो. एक पाकीट आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बघा.

प्रती किती काढायच्या ते खपाच्या स्वप्नावरून ठरवू नका. किंमत काढताना कलाकार, लेखक, चित्रकार यांच्या प्रती आधी वजा करा, पाच प्रती स्वतःकडे जपून ठेवा, एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा ओळख क्रमांक, घ्या. उरलेल्या प्रतींवर खर्च वाटला की खरी किंमत कळते.

अंक पोचते झाल्यावर मूळ टेप परत करायची. नव्या खोक्यात, मागे पूर्ण गुंडाळून, सोबत पूर्ण रिझोल्यूशनच्या फाइलींचा ड्राइव्ह आणि कलाकाराच्या वाटणीच्या प्रती. पोस्टाने नाही, शक्यतो स्वतः जाऊन. काकांकडे मी टेप घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी अंक उघडला, नावांचं पान काढलं, बोट ठेवून सगळी नावं एकेक करून वाचली, आणि मग आतल्या खोलीतून अजून दोन कॅसेट आणून टेबलावर ठेवल्या.