राजाराम कॉलेज बघायला आणि विद्यापीठात मुक्कामाला येताय? मग असं करा

बाहेरगावचे लोक कोल्हापुरात येतात, अंबाबाई करतात, रंकाळा बघतात, तांबडा-पांढरा हाणतात आणि परत जातात, पण हे गाव शिकून मोठं झालेलं गाव आहे ते बघायचं राहूनच जातं, म्हणून सांगतोय.

सुरुवात भवानी मंडपापासून करा. देवळातून बाहेर पडलं की चालत दोन मिनिटं. तिथली मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारत म्हणजे जुनं राजाराम कॉलेज. १८८० साली कॉलेज सुरू झालं, नाव कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं, जे १८७० मध्ये युरोपातून परत येताना फ्लॉरेन्सला ऐन तरुण वयात वारले. गोपाळ कृष्ण गोखले याच कॉलेजात शिकले! शाळा चालू असते, त्यामुळे सरळ वर्गात घुसू नका, आधी ऑफिसमध्ये विचारा, सुट्टीच्या दिवशी बाहेरूनच बघावं लागेल.

मग दसरा चौक. हा भाग अजिबात चुकवू नका. कॉलेज होतं पण खेड्यातल्या पोरांनी राहायचं कुठं, खायचं काय, यावर शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं काढायला मदत केली, जागा दिल्या, पैसे दिले. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग इथंच आहेत. माझ्या मते कोल्हापूरचं खरं शिक्षण या बोर्डिंगांनी केलं, कारण फी माफ झाली तरी डोक्यावर छप्पर नसेल तर पोरगं शिकणार कसं.

आताचं राजाराम कॉलेज विद्यानगरात आहे, तिथून शिवाजी विद्यापीठ जवळच. केएमटी (शहर बस) किंवा रिक्षा घ्या. विद्यापीठ १९६२ चं.

मुक्कामाचं म्हणाल तर विद्यापीठाचं गेस्ट हाऊस कॅम्पसमध्येच आहे. सेमिनार, व्हायवा, संशोधन असल्या कामाला येत असाल तर ज्या विभागाकडं काम आहे त्यांच्यामार्फतच रूमचं विचारा, पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा, आणि परीक्षा नाहीतर पदवीदान समारंभाच्या दिवसांत येणार असाल तर लई आधी विचारा. नुसतं फिरायला आला असाल तर देवळाजवळच्या धर्मशाळेत किंवा लॉजवर राहा आणि सकाळी लवकर कॅम्पसला या. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मागं मुख्य इमारत, झाडी, नशिबात असेल तर मोर पण दिसतात. वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालयही इथंच आहे, पण ते कामाच्या दिवशी बघायचं ठरवा आणि निघायच्या आधी वेळ विचारून घ्या.