पाळीच्या कळा, एंडोमेट्रिओसिस आणि गोळीची वेळ

ठाणे-वाशी लोकलने ऐरोली, रबाळ्याला कामावर जाणाऱ्या कित्येकींच्या पर्समध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड या वेदनाशामक गोळीची स्ट्रिप असते. चूक गोळीत नसते, वेळेत असते. कळा असह्य होईपर्यंत गोळी घेतलीच जात नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात: बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागे, कधी आतड्यावर. त्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात, आणि अरोमाटेज या एन्झाइमच्या जोरावर थोडं इस्ट्रोजेन स्वतःच बनवतात. इस्ट्रोजेनमुळे सूज वाढते, सुजेतून प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन तयार होतं आणि ते अरोमाटेजला आणखी चेव आणतं. एरवी प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन याला लगाम घालतं. इथे पेशी त्याला नीट जुमानत नाहीत. म्हणून रक्तातले हार्मोन्स नॉर्मल आले तरी आजार नाही असं ठरत नाही. त्या तपासणीवर उगाच पैसे घालवू नका.

वेदनाशामक गोळी नवं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवते, आधी बनलेलं पुसत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर पहिली कळ जाणवताच घ्या. पाळी नियमित असेल तर आदल्या दिवसापासून. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ५०० मिग्रॅ, जेवणानंतर, आठ-आठ तासांनी, दिवसाला तीनच, दोन-तीन दिवस. नुसत्या चहाबरोबर घेतली की पोटात आग पडते. अल्सर, किडनीचा त्रास, वेदनाशामकाने उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर ही गोळी नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत हातही लावू नका. गोळीनंतर ताप आणि पुरळ आले तर ती बंद करून लगेच दाखवा. २०२३मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने याच गोळीबद्दल तसा इशारा दिला होता.

इस्ट्रोजेन आणि सुजेच्या या चक्राचं दुसरं टोक डायनोजेस्ट या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळीने धरतात: २ मिग्रॅ, रोज ठरलेल्या वेळी, मध्ये खंड न पाडता. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात आणि बऱ्याचजणी तिथेच गोळी सोडतात. खरं तर तेव्हाच टिकून राहायचं. हे गर्भनिरोधक समजू नका, निरोध वेगळा वापरा. मन फार उदास राहिलं तर डॉक्टरांना सांगा. गोळी आजार दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही. बंद केल्यावर दुखणं परतू शकतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना, मग ते खासगी असोत की कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तीन पाळ्यांची नोंद न्या: तारीख, दुखणं दहापैकी किती, गोळी किती वाजता घेतली, किती तासांनी उतार पडला. शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का, हेही लिहा. तोंडाने सांगायचं राहून जातं ते नेमकं हेच. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (बीजांडकोशातली जुन्या रक्ताची गाठ) दिसते, या पेशींचे पातळ चट्टे बरेचदा दिसत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून परत फिरू नका, ही वही पुढे करा.