वायरलेस नेटवर्कची कपॅसिटी शिकायलात? आधी हॉप मोजा

लातूरला अकरावी-बारावी केली तेव्हा गावाकडून आई रोज एसटीत डबा द्यायची अन् मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. पुढं एमटेकला हा विषय घेतला तेव्हा तो डबा लई कामाला आला, खाली सांगतो.

सुरुवात गुप्ता आणि कुमार यांच्या २००० सालच्या पेपरपासून करा. प्रश्न साधाय, मधे टॉवर नाही, ठराविक जागेत एन नोड (म्हणजे डेटा पाठवणारी-घेणारी वायरलेस यंत्रं) पसरलेत, प्रत्येकाला कुठल्यातरी लांबच्या नोडला डेटा पाठवायचाय, तर एकेकाच्या वाट्याला किती रेट (सेकंदाला किती डेटा) येतो? थेट लांब पाठवायचं म्हणलं की मधल्या सगळ्यांना गप बसावं लागतं, म्हणून शेजाऱ्याला द्यायचं, त्यानं पुढच्याला; अशी एकेक उडी म्हणजे हॉप. पण मग प्रत्येकजण जास्त करून दुसऱ्याचंच ओझं वाहतो. हॉप साधारण एनच्या वर्गमुळाइतके होतात, म्हणून वाटा तेवढ्यानं भागला जातो. १०० नोडला दहावा हिस्सा, १०,००० ला शंभरावा. नोड कसेही विखुरलेले असले तर कुणी एकटं पडू नये म्हणून रेंज थोडी वाढवावी लागते, त्यातून त्यांच्या उत्तरात एनचा लॉग (लॉगरिदम) पण येतो (२००७ मधे पर्कोलेशन, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांतून सलग वाट कधी बनते याचं गणित, वापरून तो काढता येतो हे दाखवलं गेलं, पण ते नंतर वाचा).

माझे दोन महिने कुठं गेले ते सांगतो. पायथनमधे सिम्युलेशन केलं तर नोड कितीबी वाढवा, रेट तेवढाच यायचा. मला वाटलं पेपरच चुकलाय. शेवटी वहीवर पंचवीस ठिपके काढून एकेक पॅकेट (डेटाचा तुकडा) बोटानं सरकवलं तेव्हा दिसलं, माझ्या कोडमधे प्रत्येकाचं डेस्टिनेशन शेजारीच होतं! डेस्टिनेशन रँडम निवडलं अन् ग्राफ लगेच खाली आला. सगळं गणित त्या अंतरात आहे, एवढं पक्कं धरा.

आता डबा. ग्रॉसग्लाउसर आणि त्से यांनी दाखवलं की नोड हलते असतील तर जवळ येईल त्याच्याकडं पॅकेट द्यायचं, तो फिरत फिरत ज्याचं त्याला भेटला की देईल. हॉप दोनच, त्यामुळं एन वाढला तरी वाटा घटत नाही, फक्त उशीर होतो. आईनं सकाळी सातला दिलेला डबा मला साडेनऊला मिळायचा, भाकर गार, पण गावातून कितीबी पोरं लातूरला आली तरी डबे येतच होते.

प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर महिनाभर तीच करा, मग पेपर उघडा. अन् पहिल्या दिवशी वही घ्या, लॅपटॉप नको.