जादू आणि यंत्रं एकाच जगात आणताय? या चुका टाळा

दर रविवारी दुपारी, सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका मित्राच्या गोदामावरच्या खोलीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ बसतो. एकजण जग रचून गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. खाली हळदीची पोती, वर आम्ही. नवीन मुलं स्वतःचं जग रचून आणतात आणि त्यातली बरीच जगं तिसऱ्या सेशनला कोसळतात. कारण बहुतेक वेळा तेच असतं. जादू आणलेली असते, यंत्रंही आणलेली असतात, पण त्या जगातला साधा माणूस सकाळी उठून काय करतो याचा विचार कुणी केलेला नसतो.

चूक पहिली: वस्तू दिली, ती चालवणारा माणूस विसरला

ही मी स्वतः केलीय, म्हणून सविस्तर सांगतो. गोष्ट मी चालवत होतो. पार्टीला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या टोळीला, मी डिकॅन्टर ऑफ एंडलेस वॉटर दिला. न संपणाऱ्या पाण्याचा चंबू. वाटेत तहान भागवायला होईल एवढाच माझा विचार. टेबलावर एक मुलगा जतकडचा होता. टँकरची वाट बघत ज्याचे उन्हाळे गेलेत, त्याच्या हातात असा चंबू आल्यावर तो ड्रॅगनमागे कशाला जाईल? त्यानं कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, उलटी केली आणि पाठीमागं हिशेब मांडला. मोठी धार लावली तर सहा सेकंदांत 30 गॅलन, म्हणजे साधारण 113 लिटर. दिवसाला 16 लाख लिटरच्या वर.

"दादा, आधी पाट काढू. ड्रॅगन कुठं पळून जात नाही."

सगळी पार्टी त्याच्या बाजूला गेली. माझी तयारी गुहेची होती. मी घाईनं सांगून टाकलं, "या राज्यात चंबू चालत नाही, शाप आहे." पोरानं वाद घातला नाही. डाइस पिशवीत भरले आणि पुढचे तीन रविवार तो आला नाही.

उत्तर पुस्तकातच होतं, मी नीट वाचलं नव्हतं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ठरलेला शब्द उच्चारला की धार सुटते, पण ती आपोआप चालू राहत नाही. सहा सेकंदांनी बोलणाऱ्याची पुढची पाळी आली की थांबते आणि शब्द पुन्हा उच्चारावा लागतो. मिनिटाला 10 वेळा, दिवसाला 14,400 वेळा. म्हणजे पंपावर ऑपरेटर लागतो तसा चंबूवर माणूस लागणार, रात्रपाळीला दुसरा. त्यांचा पगार कोण देणार? शब्द किती जणांना सांगायचा? पाट कुणाच्या रानातून जाणार, आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचणार का? उपसा योजनेच्या पाण्यावर ज्यांच्या घरची शेती आहे, त्यांना हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत. मी त्याला फोन केला, शाप मागे घेतला. पुढचे चार महिने आम्ही त्या एका पाटाचीच गोष्ट खेळलो. रात्रपाळीचा चंबूवाला झोपला आणि खालच्या गावाची पेरणी वाया गेली, त्या सेशनला खोलीत कुणी मोबाइल हातात घेतला नव्हता.

तेव्हापासून कुठलीही वस्तू देण्याआधी मी वहीत चार ओळी लिहितो. कोण बनवतं, कोण चालवतं, बिघडली तर कुणाकडे न्यायची, हिच्यामुळे कुणाचं काम गेलं. उत्तर सुचलं नाही तर वस्तू देत नाही.

चूक दुसरी: जादूचं आणि यंत्राचं वैर धरून चालणं

वैर असायला हरकत नाही, पण कारण हवं. 2001 च्या आर्केनम या कॉम्प्युटर गेममध्ये कारण आहे: यंत्र निसर्गाच्या नियमावर चालतं, जादू तो नियम वाकवते, म्हणून एकाजवळ दुसरं बिघडतं. 1989 च्या शॅडोरन या टेबलावरच्या खेळात शरीरात यंत्र बसवलं की जादूची ताकद घटते. उलट 2004 च्या एबेरॉन या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच जगात आगगाडीच बांधून ठेवलेल्या एलिमेंटलवर, म्हणजे हवा-आगीसारख्या तत्त्वाच्या जादुई जीवावर, धावते. तिन्ही जगं टिकली, कारण प्रत्येकानं एक बाजू धरली. नवीन मुलांना तिन्हींतलं आवडेल ते उचलायचं असतं, तेही पहिल्याच आठवड्यात. असं जग उभं राहत नाही.

मला स्वतःला जादू आणि यंत्रातला फरक मिरजेत कळला. सतारमेकर गल्लीत तासभर बसून बघा. तोच भोपळा, तीच तार, पण तारेखालच्या घोडीवर जवारी काढताना, म्हणजे सुराची झणक जुळवताना, कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत फिरवतो. त्याचं माप कागदावर उतरवून देता येत नाही. इंजिनाचा नकाशा मात्र दुसऱ्या गावाला धाडला तर तिथं तसंच इंजिन होतं. माझ्या जगात जादू जवारीसारखी आहे. तुमच्यात नसली तरी चालेल, पण ठरवा.

चूक तिसरी: आज शोध, उद्या घरोघरी

किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, 1910 ची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी आधी घेतच नव्हते, लोखंडानं जमीन नासते म्हणत. तुमच्या जगात बंदूक निघाली तर तिलाही असा नकार मिळू द्या.

बाकीच्या थोडक्यात

गावभर जादूचे दिवे लावू नका. कंटिन्युअल फ्लेम या न विझणाऱ्या ज्योतीच्या स्पेलला, म्हणजे मंत्राला, 50 सोन्याच्या नाण्यांची माणिकाची पूड लागते आणि कुशल कामगाराची रोजची मजुरी 2 नाणी. एक दिवा म्हणजे 25 दिवसांची कमाई.

दूरच्या माणसाला निरोप धाडणाऱ्या सेंडिंग स्पेलमध्ये 25 शब्द मावतात. पत्र मावत नाही, पण हळदीच्या सौद्याचा दर मावतो. ज्या अडत्याकडे विझार्ड, म्हणजे जादूगार, त्याला दुसऱ्या पेठेतला भाव आधी कळणार. इथून एक अख्खी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, निघते.

दुसऱ्याच सेशनला हवाई जहाज मागणाऱ्याला मी देत नाही. आधी घोडा सांभाळून दाखव म्हणतो.

आणि विझार्ड महापूर अडवेल, असं लिहू नका. पाणी हलवणारा कंट्रोल वॉटर हा स्पेल फार तर 100 फूट लांब, रुंद आणि उंच एवढ्या जागेत चालतो, तोही फार तर 10 मिनिटं. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट झालं, हे आपण दिवसरात्र विचारत होतो. सातव्या लेव्हलच्या विझार्डला हा स्पेल दिवसात एकदा, मधे थोडी विश्रांती मिळाली तर दोनदा जमतो. त्या 10 मिनिटांत तो एखादी गल्ली रिकामी करून देईल, तेवढंच. गच्चीवर अडकलेल्या म्हातारीला उतरवायला नावच लागते. म्हणून माझ्या नकाशावर नदीकाठच्या प्रत्येक गावात नावाड्याचं घर आधी काढलेलं असतं, विझार्डचा मनोरा नंतर.