साने गुरुजींवर बोलायचंय? आपल्या बेळगाव भागात कसं बोलायचं ते सांगतो

डिसेंबर आला की मला दोन-चार फोन ठरलेले असतात, सर चोवीस तारखेला साने गुरुजींची जयंती, शाळेत त्यांच्यावर बोलायचंय, दहा मिनिटं दिलेत, एक भाषण लिहून पाठवा की. भाषण मी कुणाला लिहून देत नाही, खरं तयारी कशी करायची ते सांगतो, आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा यंदा लिहूनच काढलंय. येळ्ळूर असो, कडोली असो, खानापूर नाहीतर निपाणी, कुठंही बोलणार असाल तर उपयोगी पडेल. जूनच्या ११ तारखेला त्यांचा स्मृतिदिन असतो, तेव्हा महाराष्ट्रात बऱ्याच शाळांना सुट्टी असते, आपल्याकडं मात्र शाळा चालू झालेली असते, त्यामुळं आपल्याला वर्षातनं दोनदा संधी आहे.

सगळ्यात आधी ते सारखे डोळे पुसणारे गुरुजी डोक्यातनं काढा. हळवे होते ते, त्यात खोटं काय नाही, खरं नुसतं हळवे हळवे म्हटलं की पोरांना वाटतं हा कुणीतरी मऊ माणूस होता, बिचारा. मऊ माणूस नोकरी सोडून जेलात जात नाही आणि देवळाच्या दारासाठी जीव पणाला लावत नाही. त्यांनी केलं काय ते सांगा, कसे होते ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

जन्म, गाव, आईवडील हे एका मिनिटात उरकायचं. पांडुरंग सदाशिव साने, २४ डिसेंबर १८९९, कोकणात दापोलीजवळ पालगड, आई यशोदा, खोताचं घर खरं पुढं गरिबी आली, शिक्षण हालात झालं आणि शिकत असतानाच १९१७ ला आई गेली. बास. ह्याच्यात पाच मिनिटं घालवलीत तर मागची पोरं एकमेकाला चिमटे काढायला लागतात, मी बघितलंय.

वेळ द्यायचा तो अमळनेरला. १९२४ ला तिथल्या प्रताप हायस्कुलात ते मास्तर म्हणून लागले आणि वसतिगृह पण सांभाळायला लागले. पोरं शाळेला गेली की हा मास्तर त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं नीट करायचा, कपडे धुवायचा, आणि त्याचा गाजावाजा नाही, ओरडणं नाही. हळूहळू पोरांनाच लाज वाटायला लागली आणि ती आपलं आपण करायला लागली. त्यांच्यासाठी 'छात्रालय' नावाचं रोजचं हस्तलिखित पण ते काढायचे, म्हणजे रोज लिहायचं, परत दुसऱ्या दिवशी नवीन! जांबोटी-कणकुंबीकडची कितीतरी पोरं शिकायला हॉस्टेलात राहतात, त्यांच्यासमोर हा भाग सावकाश सांगून बघा. एका हायस्कुलात मी हे सांगत होतो तर हॉस्टेलची पोरं ज्या ओळीत बसली होती ती अख्खी ओळ गप्प झाली, कार्यक्रम झाल्यावर त्यातला एक येऊन विचारतो, सर खरंच कपडे धुवायचे काय हो?

१९३० ला मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांनी नोकरी सोडली, तिथनं पुढं जेल. जेलचं सांगताना लोक घोळ घालतात म्हणून नीट सांगतो. १९३२ ला धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, २१ फेब्रुवारीला सुरू झालं ते १९ जूनपर्यंत, अठरा अध्याय अठरा रविवार, आणि ते सगळं उतरून घेतलं साने गुरुजींनी. ते लिहिलं नसतं तर गीताप्रवचनांचं पुस्तक आज आपल्या हातात नसतं. हा मुद्दा सोडू नका, कारण बोलायला उठणाऱ्या माणसानं आधी दुसऱ्याचं इतक्या मन लावून ऐकायला पाहिजे हे ह्याच्याइतकं कुठंच दिसत नाही. 'श्यामची आई' नाशिकच्या जेलातली, १९३३ च्या फेब्रुवारीतली, पाच दिवसात कागदावर आलेली. पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला 'रात्र' म्हटलंय, त्या सगळ्या बेचाळीस रात्री सांगत बसू नका, एकच घ्या, आणि ती वाचून दाखवायची नाही तर आपल्या आजीनं सांगितल्यासारखी सांगायची.

मग पंढरपूर. आपल्या गावागावातनं दिंड्या जातात, त्यामुळं इथं विठ्ठल कोण हे कुणाला समजवायला लागत नाही, खरं त्याच विठ्ठलाच्या देवळात १९४७ पर्यंत दलितांना आत सोडत नव्हते हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही. ते गुळमुळीत करू नका, स्पष्ट सांगा. गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून बोलले, आणि तरी दार उघडेना म्हणून १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी देवळाचे लोक तयार झाले. मी हे सांगतो तेव्हा माळकरी मंडळींच्या तोंडाकडं बघतो, काही जण मान खाली घालतात, काहींच्या डोळ्यात पाणी येतं. बोलताना तिथं थोडं थांबा, लगेच पुढच्या मुद्द्यावर उडी मारू नका.

आता आपल्या भागात ज्याच्यासाठी हे भाषण करायचं तो मुद्दा, आंतरभारती. १९३० च्या सुमारास त्यांना तिकडं तमिळ मुलखात त्रिचनापल्लीच्या जेलात ठेवलं होतं, तिथं सगळ्या भाषांचे कैदी, आणि गुरुजींना जाणवलं की आपण एका देशाचे म्हणतो खरं एकमेकाची भाषा आपल्याला येत नाही, एकमेकाचे संत माहीत नाहीत. त्यांनी 'कुरल' हे जुनं तमिळ काव्य मराठीत आणलं. पुढं १९४९ ला पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली, प्रत्येक प्रांतानं शेजारच्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य आपल्या भाषेत आणावं. आयुष्यभर मराठीतच लिहिणारा, मराठीवर जीव टाकणारा माणूस हे म्हणतोय, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगा. आपल्याकडं हे सांगणं अवघड आहे मला माहीत आहे, कारण आपल्या शाळांचं, मराठी कागदपत्रांचं दुखणं खरं आहे आणि ते लपवायची गरज पण नाही. कुणीतरी उठून विचारणारच, सीमाप्रश्नावर गुरुजी काय म्हणाले असते? त्यांच्या तोंडात आपले शब्द घालू नका. आपल्या भाषेचा हक्क मागणं आणि शेजाऱ्याची भाषा प्रेमानं शिकणं एका माणसाला जमतं, एवढं ठामपणे सांगा, मी तरी तेच सांगतो.

ह्याला जोडून मी बाराव्या शतकातले कन्नड संत बसवण्णा ह्यांचं वचन सांगतो, दयवे धर्मद मूलवय्या, म्हणजे दया हेच धर्माचं मूळ, आणि मग गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म' ही प्रार्थना. दोघांच्या मधे आठशे वर्षं आणि बोलणं जवळजवळ एकच. एकदा एका गावात कन्नड शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या, कार्यक्रम झाल्यावर त्यांनी आधी माझा उच्चार सुधारला, तीन वेळा म्हणायला लावलं, आणि मग वही काढून ती प्रार्थना कन्नड अक्षरात उतरून घेतली, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत विचारत. त्या दिवशी माझ्या भाषणापेक्षा ती वही मोठी होती. तुमच्या शाळेत कन्नडच्या बाई किंवा सर असतील तर आधीच जाऊन त्यांच्याकडनं ते वचन शिकून घ्या.

मृत्यूचं काय करायचं हे पण विचारतात. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. लहान पोरांसमोर तारीख सांगून पुढं जा. मोठ्यांसमोर लपवू नका, खरं त्याला त्याग वगैरे म्हणून मोठंही करू नका, चांगला माणूसही आतनं खचतो आणि अशा वेळी कुणाशीतरी बोलायला पाहिजे हे साध्या शब्दात सांगा, कॉलेजच्या पोरांसमोर तर नक्की सांगा.

तयारीचं थोडक्यात. पूर्ण भाषण पाठ करू नका, एका कागदावर पाच शब्द लिहा, अमळनेर, धुळे, पंढरपूर, त्रिचनापल्ली, बसवण्णा, आणि घरात कुणी भाकरी करत असेल तर तिथं बसून एकदा सांगून बघा, ऐकणाऱ्यानं मधेच "मग?" विचारलं तर जमलं. पुस्तकी मराठी नको, आपलं घरचं बोलणं चालतं, "केलंय की" म्हटलं तर काही बिघडत नाही. गळा नसेल तर प्रार्थना स्वतः म्हणू नका, पोरांकडनं म्हणवून घ्या, त्यांची पाठ असते. पुस्तकं बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बघा, शिवाय त्यांच्या लिखाणावरचा कॉपीराइट २०१० नंतर संपलाय, त्यामुळं मोबाईलवर पण फुकट वाचायला मिळतात.

आणि बोलून झालं की लगेच गाडीला किक मारून निघू नका, दहा मिनिटं तिथंच थांबा, चहा घ्या, ज्या पोराला खरं विचारायचं असतं ते सगळ्यांसमोर हात वर करत नाही, मागनं हळूच येतं.