पुस्तकात इवलासा विंचू दिसला? छद्मविंचू कसा ओळखावा आणि पुढे काय करावं

पावसाळ्यात जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडला किंवा माळ्यावरची पोथी खाली काढली, की कधीकधी पानावरून एक तपकिरी ठिपका सावकाश चालत जाताना दिसतो. वाकून पाहावं तर त्याला विंचवासारखे दोन चिमटे! मग कुणीतरी "विंचवाचं पिल्लू!" म्हणून ओरडतं आणि चपलेच्या एका फटक्यात प्रकरण संपतं.

हा जीव म्हणजे छद्मविंचू. कोळी, गोचीड आणि खरा विंचू यांच्याच अष्टपाद कुळातला, पण माणसाला पूर्णपणे निरुपद्रवी. तो चावत नाही, डसत नाही, रक्त पीत नाही, लाकूड-कागद-कापड-धान्य यातलं काहीही खात नाही. उलट पुस्तकांत आणि कपाटांत होणाऱ्या बारीक किडींवर तो जगतो. म्हणून तो दिसला की त्याला मारायचं सोडून तो इथे का आला, हे शोधावं. घराला उपयोग होतो तो त्या शोधाचाच.

आधी शेपूट बघा

हात लावण्याआधी एकच गोष्ट तपासा. शरीराच्या मागे वर वळलेली, मणक्या-मणक्यांची शेपटी आणि टोकाला नांगी आहे का? असेल तर तो खरा विंचू, मग कितीही लहान असो. छद्मविंचवाला शेपूटच नसते. त्याचं अंग मागे रुंद, गोलसर होऊन तिथेच संपतं.

दुसरी खूण आकाराची. घरात आढळणारे छद्मविंचू साधारण 2 ते 5 मिलिमीटरचे, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. खऱ्या विंचवाची अगदी नवजात पिल्लं एकटी भटकत नाहीत. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर असतात. त्यामुळे पुस्तकाच्या पानावर एकटाच फिरणारा, बिनशेपटीचा, एवढासा विंचू दिसला तर घाबरण्याचं कारण नाही.

कोकणातल्या माणसाला विंचवाची धास्ती वाटते ती उगाच नव्हे. तिथल्या लाल विंचवाने कितीतरी मुलं नेली आहेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरायला सुरुवात केल्यानंतर हे चित्र पालटलं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: घरात कुणाला काहीतरी डसलं, जोराची कळ आली, घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर "छोटासाच तर होता" म्हणत थांबू नका. छद्मविंचवाने असं होऊच शकत नाही. डसणारा दुसराच कुणीतरी आहे, आणि रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं.

शेपूट नाही आणि चिमटेही नाहीत? मग तो गोचीड किंवा ढेकूण असू शकतो, आणि त्यांचा बंदोबस्त वेगळा.

पांढऱ्या कागदावर घ्या

बोटाने चिमटीत धरू नका. त्याच्यापासून धोका नाही, पण तो इतका नाजूक असतो की चिरडतोच. एक कोरा पांढरा कागद आणि चित्रकलेचा मऊ ब्रश पुरे. कागद त्याच्या मागे ठेवा आणि ब्रशचं टोक हलकेच त्याच्या तोंडासमोर न्या. पुढून अडथळा आला की छद्मविंचू चिमटे आत ओढतो आणि उलट्या पावली सरसर मागे पळतो. पुढे चालताना जेवढा संथ, मागे जाताना तेवढाच चपळ. त्याची ही सवय आपल्या कामी येते, कारण तो आपणहून कागदावर येतो.

पंखा बंद ठेवायला विसरू नका. जोराने फुंकरही मारू नका.

भिंगातून पाहा

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातला जवळून फोटो काढण्याचा पर्याय चालतो. घरात मुलं असतील तर त्यांना आधी हाक मारा.

चालण्याचे पाय आठ आणि पुढे दोन लांब चिमटे. चिमट्यांची बोटं बारीक, टोकदार. प्रकाश एका बाजूने येऊ दिला तर चिमट्यांवर उभे राहिलेले काही लांब केस दिसतात. छद्मविंचवाची नजर यथातथाच असते. घरातल्या सर्वांत परिचित जातीला दोनच डोळे असतात, काही जातींना तर एकही नसतो. तेव्हा जग कळतं ते या केसांमुळे. हवा जराशी हलली, जवळून एखादी किडी गेली, की केस थरथरतात आणि चिमटे त्या दिशेला वळतात. चालतानाही तो चिमटे पुढे पसरून, चाचपत चालतो.

सावज सापडलं की चिमट्याने पकडतो. बहुतेक जातींच्या चिमट्यांत विषग्रंथी असतात. ते विष किडीला गारद करायला पुरेसं, पण आपल्या कातडीतून ते चिमटे आरपार जाऊ शकत नाहीत. मग तो सावजात पाचक रस सोडतो, आतला भाग पातळ झाला की शोषून घेतो, उरलेलं टरफल टाकून देतो आणि तोंडाचे अवयव नीट साफ करत बसतो. कपाटाच्या कोपऱ्यात हे सगळं रोज चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

कधी मादीच्या पोटाखाली फिकट रंगाची बारीक पिशवी चिकटलेली दिसेल. ती अंड्यांची पिशवी. आत वाढणाऱ्या पिल्लांना आई आपल्या शरीरातला पोषक द्रव पुरवते. अशी मादी सापडली तर तिला फार वेळ उजेडात ठेवू नका, बघून झालं की लगेच सोडून द्या.

हे निरीक्षण फार जुनं आहे. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं पुस्तक 1665 साली काढलं, त्यात खेकड्यासारखा म्हणून या जीवाचं वर्णन आहे. तो त्यालाही वाचता वाचता पुस्तकावरून चालताना दिसला होता! पुढे 1758 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने घरात आढळणाऱ्या या परिचित जातीला शास्त्रीय नाव दिलं. आज ती केलिफर कॅन्क्रॉइड्स म्हणून ओळखली जाते आणि माणसाच्या पाठोपाठ जगभर पसरली आहे. तुमच्या घरातला छद्मविंचू त्याच जातीचा असेल असं मात्र नाही. जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत, भारतातही पुष्कळ आहेत, आणि नेमकी जात ठरवायला चिमट्यांवरच्या त्या केसांची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

सोडायचा कुठे

माझं स्पष्ट मत: जिथे सापडला तिथेच सोडावा. पुस्तकांच्या कपाटात सापडला असेल तर कागद शेल्फच्या मागच्या कडेला टेकवा, तो फटीत निघून जाईल. त्याची संख्या घरात भसाभस वाढत नाही. केलिफरच्या पिल्लाला वयात यायला एक ते दोन वर्षं लागतात आणि पुढे तो तीन-चार वर्षं जगतो. एवढ्या संथ जीवाचा सुळसुळाट होत नसतो.

घरातल्या कुणाला तो नकोच असेल तर कागदासकट बाहेर न्या आणि झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, पालापाचोळ्यात किंवा सरपणाच्या ढिगात सोडा. सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर सोडू नका.

बेसिनमध्ये किंवा बाथरूमच्या फरशीवर सापडला तर तो बहुधा ओलाव्याच्या ओढीने आलेला आणि गुळगुळीत कडेवरून घसरलेला असतो. ब्रशने उचलून बाहेर काढा. एखाद्या माशीच्या पायाला लटकलेला दिसला तरी दचकू नका. छद्मविंचवाला पंख नाहीत, लांबचा प्रवास तो असाच करतो: माशीच्या किंवा भुंगेऱ्याच्या पायाला चिमटा धरून.

तो कशासाठी आला, ते शोधा

छद्मविंचू दिसला म्हणजे जवळपास त्याचं अन्न आहे. पुस्तकांच्या बाबतीत हे अन्न म्हणजे बहुतेक वेळा पुस्तकी उवा. नाव उवा असलं तरी त्या डोक्यातल्या उवा नव्हेत, माणसाला चावत नाहीत. एक-दीड मिलिमीटरचे फिकट, जवळजवळ पारदर्शक किडे, जुनं पुस्तक उघडलं की बांधणीच्या घडीतून धावत सुटतात. कागदावर आणि खळीवर धरलेली बुरशी हे त्यांचं मुख्य खाणं. ती ओरबाडताना खळ आणि कागदाचा पृष्ठभागही खरवडला जातो.

तपासायची रीत सोपी. संशय असलेलं पुस्तक पांढऱ्या कागदावर उभं धरा, पाठीवर दोन-चार टिचक्या मारा आणि टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून पाहा. हलणारे फिकट ठिपके दिसले तर उवा आहेत. मग पुस्तकाच्या कण्याजवळ नाक नेऊन कुबट वास येतो का ते बघा, आणि कपाट ज्या भिंतीला टेकलंय तिच्यावर तळहात ठेवा. गार आणि दमट लागली, रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर मूळ सापडलं: भिंतीत ओल आहे.

पुस्तकं सोडून आणखी तीन जागा बघा. पहिली रव्या-पिठाचे आणि जुन्या धान्याचे डबे, कारण पावसाळ्यात त्याच उवा तिथेही होतात. दुसरी लोकरी कपड्यांची पेटी, जिथे कसर लागलेली असू शकते. कसरीच्या बारीक अळ्याही छद्मविंचू खातो. तिसरी जागा खिडकीचा छज्जा आणि एसीच्या बाहेरच्या यंत्रामागची सांदी. पक्ष्यांच्या घरट्यांत छद्मविंचू राहतात. कबुतराचं रिकामं घरटं असेल तर तोंडाला फडकं बांधा आणि घरटं ओलं करून मगच काढा. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा.

कपाट कोरडं करा

या लेखातलं खरं काम हेच. पुस्तकी उवा अंगाला लागणारं पाणी हवेतूनच घेतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांची वाढ खुंटते आणि 50 च्या आत टिकली की त्या हळूहळू सुकून मरतात. बुरशीलाही हेच लागू. त्यामुळे एक छोटा आर्द्रतामापक घ्या. काही शे रुपयांत मिळतो. तो खोलीत न ठेवता कपाटाच्या आत, मागच्या बाजूला ठेवा, कारण खोलीतला आकडा आणि कपाटातला आकडा वेगळा असतो.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बाहेरच्या, पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतीला ते लागून असेल तर जागाच बदला. पुस्तकं ठासून भरू नका, हात घालून एक पुस्तक सहज निघेल इतकी सैल ठेवा. पावसाची उघडीप मिळाली की दारं उघडून पंखा लावा. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा इतकी दमट असते की खिडकी उघडून उपयोग नसतो. तिथे बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल पिऊन भरल्या की बदलाव्यात. घरात एसी असेल तर त्याचा हवा कोरडी करण्याचा पर्याय रोज थोडा वेळ लावला तरी फरक पडतो.

पुस्तकं उन्हात टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती सुचवणार नाही. कडक उन्हात कागद पिवळा पडतो, बांधणी तडकते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, सावलीत, पुस्तकं पंख्यासारखी उघडून उभी ठेवा आणि मऊ ब्रशने वरची कड व कणा झाडा. त्याच वेळी कपाट रिकामं करून उन्हात घ्या. त्याला उन्हाचा काही त्रास नाही.

एखाद्या पुस्तकाला फारच उवा लागल्या असतील तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबलं नाही तर थंड पानांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. फ्रीजरमध्ये घालण्याआधी छद्मविंचू असेल तर तेवढा झाडून काढा. डांबरगोळ्या पुस्तकांत ठेवू नका. त्यांची वाफ श्वासाला वाईट आणि लहान मुलाने गोळी गिळली तर ते विष आहे.

फवारणी नको

एका छद्मविंचवासाठी कीटकनाशक मारलं तर शिकारी मरतो, ओल तशीच राहते आणि थोड्या दिवसांत उवा परत येतात. शिवाय ते औषध कागदावर बसतं आणि पुढे तेच पुस्तक मूल हातात घेतं. ओल गेली, उवा गेल्या की छद्मविंचूही आपसूक दिसेनासा होतो.

फोटो काढून नोंद करा

शक्य असेल तर एवढं कराच, कारण आपल्या घरांत कोणत्या जाती कुठे आढळतात याच्या नोंदी जितक्या होतील तितक्या कामाच्या. एक फोटो बरोबर वरून, अंग आणि दोन्ही चिमटे स्पष्ट येतील असा. शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवा. दुसरा फोटो फक्त चिमट्याचा, जमेल तेवढा जवळून. तारीख, गाव आणि नेमकी जागा लिहा: "लाकडी कपाट, जुनी मासिकं, भिंतीला ओल" इतकं तपशिलात. हे सगळं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतं, तिथे अष्टपादांचे जाणकार नोंदी तपासतात. घराचा पत्ता जाहीर नको असेल तर नोंद करताना ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा.